कबरा कोंबडा, पण त्यात कोंबडाच नाही



रात्रीचा भात उरला म्हणजे सकाळी काय करायचे, ते तुम्हाला सांगायला नको. कांदा चिरायचा, मोहरी-हळदीची फोडणी करायची, भात हाताने मोकळा करून परतायचा आणि वर कोथिंबीर भुरभुरायची. पोरे शाळेला निघण्याआधी पोटाला तेवढाच आधार. पण त्याच वेळी दारात पाहुणा आला, तर आपण कढईवर ताट झाकतो आणि त्याच्यासाठी नवे पोहे भिजवतो. पाहुण्याला शिळे कसे वाढायचे, याची लाज वाटते.

आज तुम्हाला अशा मुलखात नेते, जिथे कालचा भात आणि कालचा शिजवलेला घेवडा एकत्र परतून सकाळी पाहुण्यापुढेही मानाने ठेवतात. एवढेच नव्हे, तर हा पदार्थ आमचाच, तुमचा नव्हे, म्हणून दोन शेजारी देश एकमेकांशी भांडतात.

उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिका हे दोन मोठे भूखंड जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेले आहेत. एका अंगाला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र. या पट्टीवर सात लहान देश आहेत. त्यांतले निकाराग्वा आणि कोस्टा रिका हे सख्खे शेजारी. दोघांची भाषा स्पॅनिश, दोघांकडे ज्वालामुखीचे डोंगर, कॉफीचे मळे, मक्याची भाकरी आणि सकाळच्या ताटात हा भात. त्याचे नाव ‘गायो पिंतो’. इथे गायो म्हणजे गाय नव्हे बरे! त्यांच्या भाषेत गायो म्हणजे कोंबडा आणि पिंतो म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. आपल्या बोलीत कबरा कोंबडा. पांढऱ्या भातात काळे किंवा लाल दाणे मिसळले की ते कबऱ्या कोंबड्याच्या पिसांसारखे दिसतात, म्हणून हे नाव पडले म्हणतात. त्यात कोंबडीचा तुकडाही नसतो.

कोस्टा रिकात याची एक गंमतीची गोष्ट सांगतात. सान होसे ही त्या देशाची राजधानी. तिच्या दक्षिणेकडच्या सान सेबास्तियान भागात एका शेतकऱ्याने जत्रेसाठी कबरा कोंबडा पोसला होता आणि त्याने गावभर जेवणाची आमंत्रणे दिली होती. जत्रेच्या दिवशी एवढी माणसे आली की एक कोंबडा कुणाकुणाला पुरणार? मग घरधन्याने भात आणि घेवडा भरपूर शिजवून वाढला. माणसे जेवून उठली आणि जाताना एकमेकांना विचारू लागली, “काय हो, कबरा कोंबडा कसा लागला?” ही सांगोवांगीची गोष्ट. खरी असो वा नसो, दहा माणसांच्या स्वयंपाकात तीस जेवायला बसली की बाईच्या पोटात कसा गोळा येतो, ते ठाऊक असलेल्या घरातूनच ती निघाली असणार.

निकाराग्वाच्या लोकांना ही गोष्ट मुळीच मान्य नाही. पदार्थ आमचा, आमच्या माणसांनी तो तिकडे नेला, असे ते म्हणतात. ही चुरस इतकी की २००३ साली कोस्टा रिकाने भल्यामोठ्या कढयांत गायो पिंतो शिजवून जागतिक विक्रम केला, तर त्याच वर्षी निकाराग्वाने त्याहून अधिक शिजवून तो मोडला. पुढे २००९ साली कोस्टा रिकाने पुन्हा कढया चढवल्या.

पदार्थाचे मूळ शोधणारे अभ्यासक मात्र दोघांनाही समुद्राकडे बोट दाखवतात. भात आणि शेंगदाण्यांच्या वर्गातली कडधान्ये एकत्र शिजवण्याची रीत आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर कॅरिबियन किनाऱ्यावर आली. १८७० नंतर कोस्टा रिकात लिमोन बंदराकडे लोहमार्ग घालण्याचे काम निघाले, तेव्हा जमैका बेटावरून काळे मजूर आले. त्यांच्या पातेल्यात हे दोन जिन्नस आधीपासूनच एकत्र नांदत होते. म्हणजे आज दोन सरकारे ज्याचा अभिमान बाळगतात, ते मुळात कष्टकऱ्याचे पोटभरीचे जेवण. शेजारच्या एल साल्वादोर देशात अशाच भाताला ‘कासामिएंतो’ म्हणतात. त्याचा अर्थ लग्न! तांदूळ आणि घेवडा यांचे लग्न.

या लग्नातला नवरा कोण आणि नवरी कोण, ते तुमचे तुम्ही ठरवा. पण एक पक्ष घरचा आणि दुसरा लांबचा, हे नक्की. घेवडा हा त्याच मातीतला. मध्य अमेरिकेतले शेतकरी हजारो वर्षांपासून मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात घेत आले आहेत. तांदूळ मात्र समुद्रापलीकडून, स्पॅनिश लोकांबरोबर आला. कोलंबस कोस्टा रिकाच्या किनाऱ्याला लागला तो १५०२ साली. त्यानंतर तिकडे भात रुजला आणि तिकडचा घेवडा जहाजांतून जगभर पसरला.

तो आपल्याकडेही आला. आपण ज्याला राजमा म्हणतो, तो याच घेवड्याचा सुका दाणा. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा तुमच्यापैकी कित्येकींनी रांधला असेल. फिक्या गुलाबी अंगावर तांबडे पट्टे, म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तोही वंशाने याच घेवड्याचा. त्यांचा कोंबडा कबरा, आपला घेवडा वाघ्या, आणि दोघांचे कूळ एक. म्हणून आजचा पदार्थ करायला परदेशी दुकान शोधायची गरज नाही.

साहित्य (पाच-सहा माणसांना)

घेवड्याचे सुके दाणे १ वाटी. काळा राजमा मिळाला तर कोस्टा रिकाची रीत, लहान लाल राजमा मिळाला तर निकाराग्वाची. वाघ्या घेवडा दोन्हीला चालतो. शिजल्यावर त्याचे पट्टे फिके पडतात, तेव्हा रंगाबद्दल रुसू नका.

तांदूळ २ वाट्या. चिकट होणारा नवा तांदूळ नको. जुना, मोकळा भात होणारा घ्यावा.

मोठे कांदे २, तांबडी ढोबळी मिरची १ (न मिळाल्यास हिरवी), लसणाच्या ६ पाकळ्या, मूठभर कोथिंबीर, तेल ३ मोठे चमचे आणि चवीप्रमाणे मीठ.

कोस्टा रिकात याच्यावर एक तपकिरी, पातळ, आंबटगोड सॉस घालतात. त्याचे नाव लिसानो. १९२० सालापासून तो तिथे बनतो आणि त्याच्याशिवाय तिथल्या माणसाला भात आपला वाटत नाही. आपल्याकडे त्याला बदली म्हणून मी चमचाभर चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ, अर्धा चमचा जिरेपूड आणि चिमूटभर मिरपूड दोन चमचे पाण्यात कालवते. ती लिसानोची हुबेहूब नक्कल नव्हे, पण आंबट, गोड आणि जिऱ्याचा वास या तिन्ही गोष्टी त्यात येतात.

घेवडा शिजवताना

इथे थोडे थांबून वाचा. बाकी काही चुकले तर चव बिघडते. इथे चुकले तर पोट बिघडते.

राजम्याच्या कच्च्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते. लाल दाण्यात ते सर्वांत जास्त. ते पोटात गेले तर काही तासांतच जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात. दाणा पुरता उकळला की ते द्रव्य नाहीसे होते. पण नुसत्या कोमट आचेवर, उकळी न येता, अर्धवट मऊ झालेला दाणा कच्च्याइतकाच, कधी कधी त्याहूनही अधिक त्रास देतो. म्हणून निखाऱ्यावर पातेले ठेवून ‘शिजेल हळूहळू’ म्हणत शेतावर निघून जाऊ नका.

दाणे निवडून, धुऊन रात्रभर भरपूर पाण्यात भिजवा. सकाळी ते पाणी फेकून द्या. ते आमटीला वापरू नका. नव्या पाण्यात दाणे घालून उघड्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटे खळखळून उकळा. वर येणारा फेस झाऱ्याने काढा. मग लसणाच्या दोन पाकळ्या आणि अर्धा कांदा तसाच टाकून दाणा बोटांत सहज चेपेपर्यंत शिजवा. चुलीवर तासाभराहून अधिक लागेल. कुकर असेल तर पाच-सहा शिट्ट्या पुरतात. दाणा मऊ झाल्यावरच मीठ घाला. चिंच, टोमॅटो असे आंबट तर आधी मुळीच घालू नये, कारण आंबटाने दाणा आखडतो. आणि दोन-तीन वर्षे पेवात पडलेला दाणा कितीही शिजवला तरी टणक राहतो. तो दोष तुमच्या हाताचा नव्हे.

दाण्यावर दोन बोटे पाणी राहील असे पाहा. हे दाट पाणी फेकायचे नाही. गायो पिंतोचा सगळा रंग आणि निम्मी चव त्या पाण्यात आहे.

भात कसा हवा

मी पहिल्यांदा हा पदार्थ केला, तेव्हा घाईत गरम भातच कढईत लोटला. सगळ्याचा मऊ गोळा झाला आणि घरच्यांनी मुकाट्याने खिचडी म्हणून खाल्ला. तेव्हा कळले की ‘कालचा भात’ ही त्या बायकांची नुसती काटकसर नव्हे. थंड झालेल्या भाताचे शीत घट्ट होते. ते परतताना मोडत नाही आणि घेवड्याचे पाणी अंगात घेऊनही मोकळे राहते.

पण शिळ्या भाताचीही एक खबरदारी आहे. भात शिजवूनही काही जंतूंची बीजे त्यात तग धरून राहतात, आणि भात रात्रभर उबेत राहिला की ती वाढून पोटाला अपाय करतात. पुन्हा गरम केल्यानेही तो दोष जात नाही. घरात फ्रीज असेल तर रात्रीचा भात परातीत पसरून लवकर गार करा, झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. फ्रीज नसेल, तर उन्हाळ्या-पावसाळ्यात रात्रीच्या भातावर विसंबू नका. पहाटे मोकळा भात शिजवा, परातीत पसरा, वर पातळ फडके घाला आणि तासाभरात गार झाला की वापरा. शीत तेवढेच मोकळे राहते.

कृती

कढईत तेल तापवा. उरलेला कांदा बारीक चिरून गुलाबी होईपर्यंत परता. त्यात ढोबळी मिरचीचे बारीक तुकडे आणि ठेचलेला लसूण घाला. मिरची मऊ झाली की शिजलेले दाणे घाला आणि त्यांबरोबर वाटीभर घेवड्याचे पाणी. चार-पाच मिनिटे चांगले उकळू द्या. पळीच्या पाठीने थोडे दाणे कढईच्या कडेला चेपा, म्हणजे रसाला दाटपणा येतो. मग चिंचेचा तो कोळ घाला.

आता भात हाताने मोकळा करून घाला. उलथन्याने खालून वर घ्या, गरगरा ढवळू नका. आधी सगळे ओलसर दिसेल. घाबरू नका. मध्यम आचेवर पाणी भातात मुरते, भाताला मातकट रंग चढतो आणि शिते पुन्हा मोकळी होतात. कढईच्या बुडाला थोडी खरपूस खपली धरली की मीठ पाहा, कोथिंबीर घाला आणि उतरवा.

निकाराग्वाची रीत याहून साधी. तिथे कोथिंबीर नाही, सॉस नाही. लहान लाल घेवडा, कांदा, मीठ आणि तेल. पण तेल जरा सढळ हाताने. कांदा चांगला तळला की दाणे आधी तेलात परततात, मग थोडे पाणी आणि भात घालतात आणि जास्त वेळ परतून कोरडा करतात. भात तांबूस होतो. कोस्टा रिकाचा गायो पिंतो ओलसर आणि वासाचा, निकाराग्वाचा कोरडा आणि खमंग. दोन्ही एकदा करून पाहा आणि भांडणाचा निकाल तुमच्या घरी लावा.

ताटात याच्याबरोबर मक्याची भाकरी, अंडे, तळलेले पिकलेले केळे आणि वर कॉफी. निकाराग्वात घरच्या दुधाचे ताजे चीज असते, कोस्टा रिकात आंबट साय. आपल्याकडे भाकरी आणि घट्ट दही घेतले तरी जोडी जमते.

कोकणातल्या भगिनींसाठी किनाऱ्यावरची तिसरी रीत सांगते. लिमोनच्या किनाऱ्यावर काळ्या लोकांच्या घरी रविवारी हा भात नारळाच्या दुधात करतात. तो शिळ्याचा नव्हे, ताजाच. वाटीभर घेवडा वरच्याप्रमाणे पुरता शिजवून घ्यायचा. दोन वाट्या तांदळाला नारळाचे दूध आणि घेवड्याचे पाणी मिळून चार वाट्या होईल असे मोजायचे. त्यात कांदा, लसूण, मीठ, शिजलेले दाणे आणि एक अख्खी तिखट मिरची देठासकट ठेवायची. मिरची फुटता कामा नये. तिचा वास हवा, आग नको. ते लोक थाईम नावाच्या झुडपाची पाने घालतात. त्यांचा वास आपल्या ओव्याच्या वासाजवळ जातो, म्हणून मी चिमूटभर ओवा चोळून घालते.

हे दोघे एकत्र का?

कष्टकऱ्याने हे लग्न जिभेने जुळवले, पण शरीरशास्त्रही त्याला दुजोरा देते. आपल्या शरीराची बांधणी प्रथिनांनी होते आणि प्रथिने ही निरनिराळ्या विटांनी रचलेल्या भिंतीसारखी असतात. तांदळात लायसिन नावाची वीट कमी पडते, ती घेवड्यात भरपूर असते. घेवड्यात मेथिओनिन नावाची वीट कमी पडते, ती तांदळात मिळते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपले वरण-भात, खिचडी आणि भाकरी-उसळ हेच करतात. मांस परवडत नाही अशा घरात पोरांच्या आणि बाळंतिणीच्या ताटात हे दोन्ही पडले पाहिजेत. नुसत्या भातावर पोट भरते, अंग भरत नाही.

झाकलेला घेवडा

आता कढई उतरवून जरा रानाकडे चला. हा भाग घरातल्या पुरुषमाणसांनाही वाचून दाखवा.

कोस्टा रिकाच्या डोंगरउतारावरचे लहान शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या घेवडा एका वेगळ्याच रीतीने घेत आले. तिला ते ‘फ्रिहोल तापादो’ म्हणतात, म्हणजे झाकलेला घेवडा. नांगर नाही, जाळणे नाही, खुरपणी नाही. पावसाळा सरत आला की रुंद पानांचे तण माजलेली पडीक जमीन निवडायची. त्या उभ्या तणातच घेवड्याचे बी मुठीने फोकायचे. मग कोयत्याने सगळे तण कापून तिथेच जमिनीवर पाडायचे. बी त्या हिरव्या पांघरुणाखाली झाकले जाते, ओल धरते, रुजते आणि वर येते. कापलेले तण कुजून खत होते, नवे तण दबते आणि उतारावरची माती पावसात वाहून जात नाही. घेवड्याला पानांवर जाळे धरणारा एक बुरशीचा रोग आहे. त्याची लागण पावसाच्या थेंबांबरोबर उडणाऱ्या मातीतून होते. जमीनच झाकलेली असल्यावर माती उडणार कशी? पीक निघाले की ती जमीन एक-दोन वर्षे पडीक सोडायची.

उत्पन्न बेताचेच येते. पण खर्च जवळजवळ नाही, कर्ज नाही, आणि वर्षाचा घेवडा घरात येतो. सकाळच्या कढईतला तो दाणा बाईने आपल्या डोळ्यांनी रुजताना पाहिलेला असतो.

निकाराग्वात घेवड्याचे वर्षाला तीन हंगाम आहेत. पहिल्या पावसावर एक, सप्टेंबरच्या सुमारास दुसरा आणि वर्षाअखेरीस ओलाव्याच्या भागात तिसरा. एक बुडाला तर दुसऱ्यावर तरायचे, हा त्यामागचा हिशेब. तरीही २०१४ साली पावसाने ओढ दिली, तेव्हा लाल घेवड्याचे भाव असे भडकले की सरकारला बाहेरून घेवडा आणण्याची परवानगी द्यावी लागली. ज्या घरात सकाळ घेवड्यानेच उजाडते, तिथे भाव चढला म्हणजे काय होते, ते तुम्हाला तूरडाळीच्या अनुभवावरून समजेल.

कोस्टा रिकाची गोष्ट याहून विचार करायला लावणारी. एके काळी तिथे सरकारी मंडळ लहान शेतकऱ्याचा घेवडा, मका आणि भात ठरलेल्या भावाने विकत घेत असे. १९८० नंतर देश कर्जात बुडाला. धनकोंच्या अटी आल्या. लहान धान्याला दिलेला आधार हळूहळू काढून घेतला गेला. बाहेरून स्वस्त दाणे मिळतात तर घरी महाग पिकवायचे कशाला, असा युक्तिवाद झाला. शेतकऱ्यांनी घेवडा सोडला. कुणी अननस, कॉफी, गुरे यांकडे वळले, तर कुणी शहराकडे गेले. आज त्या देशात खाल्ल्या जाणाऱ्या घेवड्याचा मोठा भाग आयात होतो. तो निकाराग्वातून येतो, तसाच अर्जेंटिना आणि चीनसारख्या दूरदेशांतूनही येतो.

मग तांदळाची पाळी आली. २०२२ साली सरकारने तांदळाचा ठरवलेला भाव काढून टाकला आणि साळीवरचा आयातकर ३५ टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांवर आणला. ग्राहकाला तांदूळ स्वस्त पडावा, हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. ग्राहकाला किती स्वस्त पडला, यावर तिथे वाद झाला. पण भाताचा पेरा पुढच्या वर्षांत घटला, हे सर्वांनी पाहिले.

आणखी एक गोष्ट. निकाराग्वातून हजारो माणसे पोटासाठी कोस्टा रिकात जातात. पुरुष उसाच्या, केळीच्या, कॉफीच्या मळ्यांत राबतात, बाया घरोघरी स्वयंपाक आणि धुणीभांडी करतात. म्हणजे पदार्थ कुणाचा यावर वर भांडण चालू असताना, कोस्टा रिकाच्या कित्येक घरांत सकाळचा गायो पिंतो निकाराग्वाच्या बाईच्याच हातचा असतो. तिला तो कुणाचा म्हणून कोण विचारतो?

पदार्थाला राष्ट्राचा मान मिळाला. त्याच्यासाठी विक्रम झाले, हॉटेलांच्या पाट्यांवर नाव चढले. पण तो ज्या दोन दाण्यांवर उभा आहे, ते पिकवणाऱ्याच्या वाट्याला त्या मानातले फार थोडे आले. कढई जागेवर राहिली आणि तिच्यामागचे रान सुटले. आपली खिचडी, आपली उसळ, आपला वाघ्या घेवडा यांचे कौतुक करताना हे ध्यानात असावे. मानांकनाचा कागद दाण्याला नाव देतो. भाव मिळाला तरच शेतकरी पुढच्या खरिपात तो पेरतो.

तुमच्या हातात काय आहे? बाजारभाव नाही, आयातकरही नाही. पण घरच्या गाडग्यात राखेत घालून ठेवलेले मूठभर बी तुमच्या हातात आहे. सासूकडून आलेला घेवडा, पावटा, चवळी, जे काही असेल ते परसात दोन ओळी लावून दरसाल जिवंत ठेवा. सून घरात आली की तिच्या ओटीत त्यातले चार दाणे घाला आणि ते कसे शिजतात तेही सांगा. बी आणि रांधण्याची रीत या दोन्ही गोष्टी एकत्रच टिकतात. खाणारे राहिले नाहीत तर पेरणारा कुणासाठी पेरील?

येत्या रविवारी रात्री वाटीभर घेवडा भिजत घाला आणि सोमवारी सकाळी गायो पिंतो करा. पोरांना सांगा की आज कबरा कोंबडा आहे. ती ताटात कोंबडा शोधू लागतील, तेव्हा त्यांना त्या शेतकऱ्याची गोष्ट सांगा. आणि त्याच वेळी दारात पाहुणा आला, तर या खेपेला कढईवर ताट झाकू नका. त्यालाही वाढा.

केल्यावर कसा झाला, घेवडा कोणता वापरला आणि तुमच्या भागात उरलेल्या भाताचे काय काय करतात, ते पत्राने जरूर कळवा. भात पसरून गार करण्याचे आणि दाणे खळखळून उकळण्याचे मात्र विसरू नका.